साबणाच्या डबीतलं सर्किट

१ मार्च २००९, रविवार. सकाळी ९.
आजपासून इलेक्ट्रॉनिक्स. निर्णय पक्का.
शुक्रवारी बँकेच्या शाखेत सर्व्हर बंद पडला. सगळे हातावर हात ठेवून. मी यूपीएसचं बटण बंद केलं, दहापर्यंत आकडे मोजले, परत चालू केलं. सर्व्हर सुरू. काउंटरवरची मुलं 'सार, सूपर!' म्हणाली. वय चोपन्न, त्यातली तीस वर्षं व्हाउचरं तपासण्यात गेली, आणि ही देणगी अंगात आहे हे आत्ता कळतंय.
काल रिची स्ट्रीटला, मद्रासच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो. सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, ब्रेडबोर्ड, दोनशे रेझिस्टर. हेमलतानं विचारलं, दोनशे कशाला? बायकोला संच ही कल्पना समजावून सांगणं अवघड आहे.
संकल्प: रोज एक तास. पाडव्यापर्यंत घरात एक तरी स्वयंचलित यंत्र.

३ मार्च. संध्याकाळी ७.
खाली रत्नाकररावांकडे गेलो होतो. घरमालक. तंजावरचे मराठी, तीनशे वर्षांपासून इकडचे. रेल्वेत सिग्नल खात्यात चाळीस वर्षं. त्यांचं मराठी जुनं आणि चाल तमिळ; नाशिकहून आल्यावर पहिले सहा महिने मला अर्धं कळायचं नाही. आता पाऊण कळतं.
छंदाबद्दल सांगितलं. खूष झाले. लगेच उपदेश. आधी सहा महिने बॅटरीवरच काम करायचं, भिंतीतल्या विजेला हात नाही. आधी ब्रेडबोर्डवर नुसतं खोचून जोडायचं, मग सोल्डरचा पक्का डाख. प्रत्येक पायरीला मीटर लावून बघायचं. 'दुसऱ्याचं तोंड बघून नको, मीटर बघून,' असं दोनदा म्हणाले. आणि चालू सर्किटला हात लावायची वेळ आलीच तर एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे करंट छातीतून जात नाही.
चांगला माणूस. पण जुन्या काळचा. सहा महिने हा रेल्वेचा वेग झाला. मी सहा दिवस देईन.

५ मार्च.
पहिला एलईडी पेटला! दीड सेकंद. मग वास आला.
एलईडीचा दर्जा खराब.

६ मार्च.
आणखी चार एलईडी. दर्जा खरोखरच खराब. हेमलता म्हणाली की पुस्तकात एलईडीच्या आधी रेझिस्टर काढलेला दिसतोय. तिला म्हटलं, चित्र आणि प्रत्यक्ष यात फरक असतो.
रेझिस्टर लावला. पेटला. पेटूनच आहे.
सल्ला क्रमांक १: एलईडीच्या आधी रेझिस्टर लावावा. (हे मी स्वतः शोधून काढलं.)

८ मार्च, रविवार.
एक विचार आला. मराठीत छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांसाठी व्यवहारी सल्ल्याचं पुस्तकच नाही. सगळं इंग्रजीत. मी लिहायचं. नाव सुचलंय: 'सोल्डरची पहिली ओळख'. आठवड्याच्या अनुभवावर प्रस्तावना निघेल.
सल्ला क्रमांक २: सोल्डरिंग आयर्न कोणत्या बाजूनं धरायचं हे आधी पाहून घ्यावं. उजव्या हाताची दोन बोटं भाजली. प्रस्तावना डाव्या हातानं.

१२ मार्च. सकाळी ६.
प्रोजेक्ट ठरला. डोळ्यांसमोरच होता.
तळाशी पाण्याची टाकी, गच्चीवर पाण्याची टाकी, मध्ये मोटर. मोटर चालू केली की ती बंद करायला कुणीतरी लक्षात ठेवायचं. आज हेमलता विसरली (मी चालू केली होती, पण ती घरात होती). गच्चीवरून धबधबा. मद्रासच्या उन्हाळ्यात, लॉरीनं विकत आणलेलं पाणी. शेजारची बाई गच्चीत येऊन काय म्हणाली ते तमिळ होतं, सूर समजला.
उपाय: ऑटोमॅटिक वॉटर लेव्हल कंट्रोलर. टाकीत तीन तारा सोडायच्या. पाणी वरच्या तारेला लागलं की मोटर आपोआप बंद, खालच्या तारेच्या खाली गेलं की आपोआप चालू. माणूस लागत नाही.
रत्नाकररावांना आत्ताच सांगणार नाही. पाडव्याला एकदम.

१५ मार्च, रविवार.
मुलगी आली होती, ऊर्मी. शहराबाहेर सिरुसेरीच्या कंपनीत आहे, तिकडेच मैत्रिणींबरोबर राहते, रविवारी येते. मी सांगितल्यावरून ऑफिसातून दोन सर्किटं छापून आणली. एकात ट्रान्सफॉर्मर आहे. दुसऱ्यात नाही, नुसता एक कपॅसिटर घालून भिंतीतली वीज कमी केली आहे.
ट्रान्सफॉर्मर आणून ठेवला होता. नारळाएवढा जड. कपॅसिटर बोटाच्या पेराएवढा. सगळं सर्किट साबणाच्या डबीत मावतं. ज्याला थोडी तरी सौंदर्यदृष्टी आहे तो काय निवडेल?
ऊर्मीनं कागदाच्या तळाशी लाल अक्षरात काही छापलंय त्याच्याखाली पेननं रेघ मारली होती. 'बाबा, हे वाचा आधी.' वाचणार होतो. कागद फाईलमध्ये बसेना, म्हणून खालच्या चार ओळी कापल्या.

१९ मार्च. सकाळी ७.
प्लग काढलेला होता. मी स्वतः काढला होता. तरी कपॅसिटरला हात लागला आणि कोपरापर्यंत काहीतरी गेलं. खुर्ची मागे पडली. हेमलता स्वयंपाकघरातून धावत आली. तिला सांगितलं, खुर्ची जुनी झालीय.

सल्ला क्रमांक ३: प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज राहते. ती आधी रिकामी करावी. (पुस्तकात हा सल्ला पहिला घ्यावा का?)

२२ मार्च, रविवार. दुपारी १.
बसवलं! ब्रेडबोर्डची पायरी वगळली. ती शिकाऊ लोकांसाठी. साबणाची डबी गच्चीच्या जिन्यात खिळ्याला टांगली, दोन पिनांचा प्लग आमच्या बाहेरच्या सॉकेटमध्ये, तीन तारा टाकीच्या पाण्यात. हिरवा दिवा लागला. मोटर आपोआप सुरू. पस्तीस मिनिटांनी आपोआप बंद.
मी गच्चीवर एकटा उभा होतो. टाळ्या वाजवल्या.

२७ मार्च. गुढीपाडवा.
रत्नाकररावांना आणि राजसबाईंना वर बोलावलं. राजसबाई म्हणजे त्यांच्या मंडळी, सत्तरी कधीच ओलांडली. गुडघे दुखतात तरी जिना चढून आल्या. हेमलतानं श्रीखंड केलं होतं. मी प्रात्यक्षिक दाखवलं. राजसबाईंनी डबीला हात जोडले.
रत्नाकरराव डबीकडे बघत राहिले. मग हळू विचारलं, 'ट्रान्सफॉर्मर घातलांत की?' म्हणाले, कपॅसिटरनं वीज कमी होते, पण ट्रान्सफॉर्मर मध्ये भिंत असतो. भिंत नसेल तर भिंतीतली वीज सरळ पाण्यात. आणि टाकी सगळ्यांची.
मी हो म्हणालो.
तांत्रिकदृष्ट्या खोटं नाही. ट्रान्सफॉर्मर घेतलेला आहे. कपाटात आहे.
'सरी, बरं, मग भय नाही,' म्हणाले आणि श्रीखंड परत मागून घेतलं.

२ एप्रिल.
इयर एंडिंगमुळे लिहायला सवड नव्हती.
हेमलता म्हणते, भांडी घासताना नळ चावतो. चावतो! मी विचारलं, दात कुठे आहेत? हसली नाही. तिला समजावलं की ही स्थिर वीज. कोरड्या हवेत अशी तयार होते. ती म्हणाली, मद्रासची हवा कोरडी? इथे पापड तळेपर्यंत मऊ पडतात.
वादाला अर्थ नाही. रबरी चप्पल घालून भांडी घास, म्हटलं.
मला तर एकदाही काही लागलं नाही. अंघोळीची बादली ती भरून ठेवते, मी नुसता तांब्या घेतो, तरीही लागलं असतं तर कळलं असतं.

६ एप्रिल. सकाळी ८.
टेस्टर आणला, केवळ तिचं समाधान व्हावं म्हणून. नळाला लावला. आतला दिवा लागला.
टेस्टर स्वस्तातला होता.

७ एप्रिल.
दुसरा टेस्टर आणला. तोही लागला. दोन्ही एकाच दुकानातले.

९ एप्रिल.
शोध! प्लग काढून उलटा घातला. टेस्टर लागला नाही. परत सुलटा घातला, लागला. म्हणजे दोन पिनांचा प्लग एका दिशेनं घातला तर नळ चावत नाही. हेमलताची लाल नेलपॉलिश घेऊन प्लगवर ठिपका दिला. ठिपका वर असेल तर सगळं सुरक्षित.
सल्ला क्रमांक ७: ठिपका द्यावा. (४, ५, ६ नंतर सुचतील.)
रात्रीच्या भाजीत मीठ नव्हतं. हेमलताला विचारलं तर म्हणाली, ठिपक्यावर आपला जीव टांगलाय का? तिला बातम्या बघणं कमी करायला सांगितलं पाहिजे.

११ एप्रिल.
कंट्रोलर सकाळी बंद. प्लग निघून आलेला. सॉकेट सैल असणार. परत घातला.

१३ एप्रिल.
परत तेच. सकाळी साडेसहाला बघितलं तर प्लग बाहेर लोंबतोय. परत घातला. घाईत ठिपका खाली गेला, साडेनऊला बँकेत आठवलं. संध्याकाळी येऊन नीट केला. कुणाला काही झालं नाही, यावरून सर्किटचा दर्जा लक्षात येतो.

१५ एप्रिल.
राजसबाई जिन्यात भेटल्या. परवा नळ धरला तर हातात मुंग्या आल्या म्हणाल्या. 'जुनं झालं माझं शरीर.' मीही म्हणालो, वयानं होतं असं.
रत्नाकरराव मागेच होते. त्यांना गीझरचा संशय आलाय. त्यांनी स्वतः स्टुलावर चढून गीझर उतरवला. शहात्तराव्या वर्षी. मी खालून स्टूल धरलं.
स्टूल धरून उभा असताना सांगावंसं वाटलं होतं. पण त्यांच्या तोंडात स्क्रू होते, बोलले नसते.
संकल्प: रविवारी ट्रान्सफॉर्मर बसवायचा. गुपचूप. म्हणजे प्रश्न मिटला आणि कुणाला काही सांगायलाही नको.

१६ एप्रिल.
प्लग परत बाहेर. टेप लावला. टेपही निघाला.

१८ एप्रिल, शनिवार.
रत्नाकररावांनी रामस्वामीला आणलं. या भागातला इलेक्ट्रिशियन, कपाळावर विभूती, बोलणं कमी. सगळ्या नळांना मीटर लावला. प्लग आजही निघालेला होता, त्यामुळे काही सापडलं नाही. (सैल सॉकेटचा असाही उपयोग.) तरी त्यानं मेन बोर्डावर एक ट्रिपर बसवला. कुठे थोडी जरी वीज गळली तरी घराची लाईन आपोआप तुटते. घर आधुनिक होतंय, आनंद आहे.
तो गेल्यावर मी प्लग घातला. खट्ट. अख्खं घर बंद.
परत चालू केलं. खट्ट.
ट्रिपर फारच संवेदनशील आहे.
रामस्वामी वर येऊन डबीकडे बघून गेला होता म्हणे. हेमलतानं सांगितलं. त्यानं तिला विचारलं, अम्मा, आत ट्रान्सफॉर्मर आहे का? ती म्हणाली, साहेबांना विचारा. हे काय उत्तर झालं?

१९ एप्रिल, रविवार. दुपारी ३.
आज ट्रान्सफॉर्मर बसवणारच होतो. पण तो डबीत मावत नाही. नवी डबी आणायची, परत सोल्डर करायचं, टाकी दोन दिवस बंद. राजसबाई विचारणार, यंत्राला काय झालं? मग सगळं उलगडून सांगत बसा.
त्यापेक्षा सोपं: कंट्रोलरची लाईन ट्रिपरच्या आधी घ्यायची. रत्नाकरराव दुपारी झोपतात. जिन्याखालच्या बोर्डावर मीटरमधून तार येते तिथूनच, मेन स्विचच्याही आधी, दोन तारा वर नेल्या. कुणी चुकून मेन बंद केला तरी पाणी चढत राहील. एक हात खिशात ठेवून काम केलं. दीड तास. शर्ट घामानं चिंब.
नवं सॉकेट गच्चीच्या जिन्यात. प्लग घातला. ठिपका वर. ट्रिपर शांत.
वर लाकडी पेटी बसवून कुलूप लावलं. आता प्लग निघायचा प्रश्नच नाही.
टेस्टर लावायचा राहिला. ठिपका वर आहे, गरज नाही.

२० एप्रिल.
हेमलतानं पेटीची किल्ली मागितली. कशाला? तर म्हणाली, असू दे माझ्याकडे. म्हटलं, ती शोभेची वस्तू नाही. किल्ली माझ्या बँकेच्या जुडग्यात.


२३ एप्रिल.
हेमलतानं नवीन व्यायाम सुरू केलाय. रोज सकाळी अंगणातल्या हातपंपावर दोन बादल्या पाणी काढते, एक राजसबाईंच्या न्हाणीघरात नेऊन ठेवते, एक आपल्या. तिला शाबासकी दिली. बावन्नाव्या वर्षी हा उत्साह चांगला.
राजसबाईंना तिनं काय सांगितलंय कोण जाणे, त्या हल्ली नळाचं पाणी वापरतच नाहीत. कितीही यंत्रं बसवली तरी यांना बादलीच हवी.

२६ एप्रिल, रविवार.
पेटी उघडून पाहणी केली. आत पाल मेलेली. दोन टोकांना अशी आडवी चिकटली होती की चिमट्यानं काढावी लागली. खाली पडली तेव्हा कडक आवाज आला.
ऊर्मी मागे उभी होती, मला माहीत नव्हतं. विचारलं, बाबा, हे तेच सर्किट ना, ज्याच्याखाली मी रेघ मारली होती? मी म्हणालो, त्यात बऱ्याच सुधारणा केल्यात.
ती खाली आईकडे गेली. दोघी स्वयंपाकघरात बोलत होत्या. मी गेल्यावर ऊर्मी भांडी पुसायला लागली.
प्रस्तावनेची दोन पानं झाली. 'वीज ही आपली मैत्रीण आहे' अशी सुरुवात.

३ मे, रविवार.
ट्रान्सफॉर्मर आज. नक्की.
संध्याकाळ: सोल्डर संपलं होतं. रिची स्ट्रीट रविवारी बंद.

६ मे. रात्री ८.
सकाळी हेमलताला कणकण होती, बादली भरलेली नव्हती. मीच नळ सोडायला गेलो. पाय ओले.
कोपर भिंतीवर आपटलं.
कोपर भिंतीवर आपटलं असंच लिहितो. पण भिंत डाव्या बाजूला आहे आणि मी नळ उजव्या हातानं धरला होता. नळ सोडता येत नव्हता. किती वेळ माहीत नाही, एक सेकंद असेल. मग पाय घसरला म्हणून सुटला.
तसाच बँकेत गेलो, अंघोळ न करता.  लंचमध्ये उठून रिची स्ट्रीटला जायचं ठरवलं होतं. मग सर्क्युलर आलं.
शनिवारी अर्धा दिवस आहे. शनिवारी.

७ मे.
उद्याचा दिवस. परवा शनिवार. पेटी उघडून प्लग काढून ठेवावा असं सकाळी मनात आलं. गच्चीच्या जिन्यापर्यंत गेलोही. पण प्लग काढला तर खाली पाणी येणार नाही, मग रत्नाकरराव वर येऊन पेटी उघडायला सांगणार. एका दिवसाचा तर प्रश्न आहे.

८ मे, शुक्रवार. संध्याकाळी ६. हॉस्पिटलच्या बाकावर.
राजसबाई घसरल्या. न्हाणीघराची फरशी ओली होती.

८ मे, पुढे.
नीट लिहितो.
पावणेअकराला हेमलताचा फोन शाखेत. फक्त 'या' म्हणाली.
शुक्रवारच्या पूजेसाठी राजसबाई दहाला दुसऱ्यांदा न्हातात. त्याच वेळी सिलिंडरवाला आला. त्याच्याशी बोलण्यात हेमलताला खाली बादली न्यायला वीस मिनिटं उशीर झाला. राजसबाईंची पूजा खोळंबली होती. त्यांनी नळ सोडला.
रत्नाकररावांना आवाज आला. दारातून बघितलं, त्या नळ धरून उभ्या, बोलत नव्हत्या, नुसतं अंग हलत होतं. त्यांनी हात लावला नाही. चाळीस वर्षांची सवय. पळत जाऊन त्यांनी मेन स्विच खाली ओढला. घरातले पंखे बंद झाले. राजसबाई सुटल्या नाहीत.
परत वर केला, परत खाली ओढला. त्यांना वाटलं स्विचच बिघडला.
हेमलता वरून खाली बघत होती. ती खाली गेली नाही. स्वयंपाकघरातला वरवंटा उचलून गच्चीच्या जिन्यात गेली आणि पेटी फोडली. कुलूप तुटलं नाही, फळी तुटली. फळीतून हात घालून प्लग ओढला. मनगटाला सात टाके.
प्लग निघाला तेव्हा राजसबाई पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. उजवा तळवा भाजलाय. डॉक्टर म्हणाले, जगल्या हेच आश्चर्य, अजून थोडा वेळ गेला असता तर.
किती वेळ ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

९ मे, शनिवार.
रामस्वामी येऊन सगळं बघून गेला. नव्या सॉकेटमध्ये तारा उलट जोडल्या होत्या. ठिपका वर म्हणजे पाण्यात फेज. एकोणीस एप्रिलपासून सतत. मला हे त्यानं तमिळमध्ये सांगितलं. सगळं कळलं.
मेनच्या आधी जोडलेल्या तारा त्यानं कापल्या आणि माझ्या हातात दिल्या.  पैसे घेतले नाहीत.
ट्रिपर संवेदनशील नव्हता.

११ मे.
हेमलता हॉस्पिटलातच असते. आज डबा घेऊन गेलो तेव्हा जिन्यात तिला विचारलं, प्लग तूच काढत होतीस? म्हणाली, राजसबाई साडेसहाला न्हायच्या, म्हणून मी सहाला काढायचे. त्यांचं झालं की परत लावायचे, तुम्हाला कळू नये म्हणून. मग तुम्ही कुलूप लावलंत.
मला सांगायचंस, मी म्हणालो.
'पाच वेळा सांगितलं. तुम्ही चप्पल घालायला सांगितलीत.'
हिला पाच आकडा कसा काय नक्की आठवतो, असं आधी मनात आलं. रोजनिशी चाळली. दोनदा लिहिलंय. बाकीच्या वेळी मी लिहिलं नव्हतं.

१३ मे.
राजसबाईंचं ऑपरेशन झालं. आज मतदानाची सुट्टी. मी मत देऊन आलो आणि बसलो.
रत्नाकररावांना सांगायचं. त्यांना अजून वाटतंय की मेन स्विचच बिघडला होता. ऑपरेशनच्या आधी बाकावर बसल्या बसल्या मला म्हणाले, माझी चूक. घरात नवं यंत्र आलं तर आधी सगळं मीटर लावून बघायचं, असं मी लोकांस सांगत आलो. त्या दिवशी मी तुमचं तोंड बघितलं, मीटर लावला नाही.
 त्यांची मान खाली होती. गुडघ्यांवर कोपरं टेकवून बसले होते.
कसं सांगायचं याचा मसुदा करतोय. सुरुवात परिस्थितीपासून करावी: मार्च महिना, कामाचा ताण, डबीचा आकार.
नको. डबीचा आकार नको.

१४ मे.
मसुदा दुसरा. 'रत्नाकरराव, ट्रान्सफॉर्मरबाबत त्या दिवशी थोडा गैरसमज झाला.'
गैरसमज कुणाचा झाला?
खोडलं.

१५ मे.
मसुदा तिसरा. 'मी खोटं बोललो.' तीन शब्द. त्यापुढे काय लिहायचं ते सुचत नाही.
बँकेतून लवकर निघून हॉस्पिटलला गेलो. ते झोपले होते. बरं वाटलं. मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं. परत आलो.

१६ मे.
'सोल्डरची पहिली ओळख' फाडली. प्रस्तावना आणि सगळे सल्ले. त्यात एक सल्ला राहून गेला होता, पण तो मला रत्नाकररावांनी तीन मार्चलाच दिला होता आणि मी त्याला रेल्वेचा वेग म्हणालो होतो.

१७ मे, रविवार. दुपारी १२.
सांगितलं.
सकाळी दहाला गेलो. हेमलता राजसबाईंचे केस विंचरत होती, एका हातानं, दुसऱ्या मनगटाला पट्टी. रत्नाकरराव खिडकीशी. त्यांना बाहेर व्हरांड्यात बोलावलं. उभ्या उभ्या सांगितलं. ट्रान्सफॉर्मर नव्हता. कपाटात होता. पाडव्याला मी खोटं बोललो. नळ चावतोय हे मला सहा एप्रिलला कळलं होतं. तुम्ही गीझर काढत होता तेव्हा मी स्टूल धरून उभा होतो आणि मला माहीत होतं. मेनच्या आधीची तार मीच घेतली.
एवढं बोलायला नऊ दिवस लागले होते. बोलून झालं तेव्हा घड्याळात एक मिनिटही गेलं नव्हतं.
ते म्हणाले, 'माहीत आहे. हेमलताबाईंनी त्याच दिवशी ॲम्ब्युलन्समध्ये सांगितलं.'
मला बसावंसं वाटलं. तिथे बाक नव्हता. मग मीटर लावायला हवा होता असं बाकावर का म्हणालात, विचारलं. ते म्हणाले, ते माझं आहे. ते तुम्ही सांगितल्यानं जात नाही.
आणखी काही म्हणतील म्हणून उभा राहिलो. घर सोडा म्हणतील. पोलीस म्हणतील. ओरडतील तरी. त्यांनी खिडकीवरचा फ्लास्क घेतला, झाकण उघडून आत बघितलं आणि माझ्या हातात दिला. 'आत कालची कॉफी आहे. धुऊन नवी आणा. त्यांस होना.' होना म्हणजे हवी, राजसबाईंना.
धुतला. हॉटेलातून आणली. राजसबाईंनी डाव्या हातानं पेला धरला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. साखर फार झाली म्हणाल्या.
हॉटेलवाल्यानंच घातली होती असं ओठांवर आलं होतं. पण मीच दोनदा सांगितलं होतं, अजून घाला म्हणून.
'मी घातली,' म्हणालो. दुसरी आणायला परत गेलो.